संग्रहालयीन प्रदर्शनासाठी शासकीय हमी आणि विमा कसा मिळवावा

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातील मृण्मूर्ती, मणी, नाणी आणि हस्तिदंती कोरीवकाम यांचा मोठा ठेवा आहे. पैठणच्या बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालयात आणि छत्रपती संभाजीनगरच्या संग्रहालयांतही पाहण्याजोगे पुष्कळ आहे. यांतील निवडक वस्तू नांदेड, परभणी, जालना किंवा बीड येथील एखाद्या महाविद्यालयाच्या अथवा नगरपालिकेच्या दालनात महिनाभर मांडाव्यात, असा बेत अनेकदा होतो आणि तो बहुधा एकाच प्रश्नावर अडतो. वस्तूला काही झाले तर भरपाई कोण देणार? विमा कंपनीने सांगितलेला हप्ता ऐकून संस्थेचे विश्वस्त मागे सरतात, आणि विम्याविना वस्तू देण्यास मालक संग्रहालय तयार होत नाही, जे योग्यच आहे. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी शासनाच्या हमीचा आणि शासकीय विम्याचा आधार कसा घ्यावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. हमी मिळवणे कठीण वाटते ते अर्जामुळे. प्रत्यक्षात कठीण असते ती अर्जाआधीची तयारी, आणि ती पूर्ण असेल तर विम्याचा हप्ताही आवाक्यात येऊ शकतो.

परदेशात ही व्यवस्था कशी चालते, हे थोडक्यात माहीत असावे, कारण आपल्या प्रस्तावाला त्याचा दाखला जोडता येतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या राष्ट्रीय वारसा कायद्यान्वये सरकार उसन्या आणलेल्या वस्तूंची नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी स्वतः घेते आणि संग्रहालयाला व्यापारी विम्याचा हप्ता भरावा लागत नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अशीच योजना सुरू झाली व ती तेथील राष्ट्रीय कला निधी संस्था चालवते. या योजना सरकारांना परवडतात, कारण हमी देण्यापूर्वी इमारत, पहारा, वाहतूक आणि हाताळणी यांची कसून तपासणी होते व त्यामुळे दावे फारच थोडे येतात. शिवाय नुकसानीचा काही भाग उसनवार घेणाऱ्या संस्थेने सोसायचा असतो. ब्रिटिश योजनेत चार हजार पौंडांहून कमी किमतीच्या वस्तूसाठी हा भाग ३०० पौंड, आणि त्याहून अधिक किमतीच्या वस्तूसाठी ३०० पौंड अधिक मूल्याचा एक टक्का, असा ठरलेला आहे. म्हणजे एक लाख पौंडांच्या चित्राला इजा झाली तर पहिले १,३०० पौंड संस्थेचे. युद्ध, मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा, वस्तूतील मूळचा दोष आणि मालकीविषयी तिऱ्हाइताचा दावा या बाबी त्या हमीत येत नाहीत. हा अपवादांचा भाग लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

भारतात अशा हमीसाठी स्वतंत्र कायदा नाही. म्हणून आपल्याला आहे त्या चौकटीतूनच वाट काढावी लागते.

प्रथम वस्तू कोणाच्या मालकीची आहे आणि दालन कोणाचे आहे, हे लिहून काढावे. तेरच्या संग्रहालयातील वस्तू राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्याच दुसऱ्या संग्रहालयात जात असेल, तर मालक राज्य शासनच राहते. अशा वेळी संचालकांचा लेखी आदेश, ताबा देणाऱ्या व घेणाऱ्या अभिरक्षकांच्या, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, सह्या आणि वाहतुकीपुरता विमा एवढ्यावर काम भागू शकते. मात्र तीच वस्तू खाजगी शिक्षणसंस्थेच्या, विद्यापीठाच्या अथवा महानगरपालिकेच्या दालनात जाणार असेल, किंवा उलट एखाद्या खाजगी संग्राहकाची वस्तू शासकीय दालनात येणार असेल, तर मालक आणि ताबेदार वेगळे होतात व भरपाईचा स्वतंत्र करार आवश्यक ठरतो. खाजगी वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल आणि १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली नोंदणी आवश्यक असलेल्या वर्गात, उदाहरणार्थ दगड, धातू, भाजलेली माती किंवा हस्तिदंताचे शिल्प अथवा जुने चित्र, मोडत असेल, तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. हे प्रमाणपत्र नसताना घेतलेली वस्तू हरवली, तर विमाच काय, मालकीही सिद्ध करणे अवघड होते.

राज्य शासनाची लेखी हमी

शासनाकडून भरपाईची हमी घ्यायची असेल, तर ती कोणत्या स्वरूपात मिळाली म्हणजे बंधनकारक ठरते, हे आधी समजून घ्यावे. एखाद्या बैठकीच्या इतिवृत्तात किंवा अधिकाऱ्याच्या पत्रात ‘वस्तूंची जबाबदारी शासनाची राहील’ असे वाक्य आले म्हणजे हमी मिळाली, असा समज सर्रास आढळतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ नुसार राज्य शासनाचा करार राज्यपालांच्या नावाने व्यक्त झालेला आणि त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याने निष्पादित, म्हणजे सही करून पूर्ण, केलेला असावा लागतो. या अटी पाळल्या नसतील तर तो करार शासनाविरुद्ध अमलात आणता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. त्यामुळे वस्तूचा मालक खाजगी असेल तर त्याने, आणि मालक दुसऱ्या राज्याचे संग्रहालय असेल तर त्यानेही, असा विधिवत करारनामाच मागावा, आणि आयोजकांनी तो मिळवून द्यावा. करारात १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२४ ची नुकसानभरपाईची भाषा असावी. कलम १२६ ची हमी तिसऱ्या व्यक्तीच्या कर्जासाठी किंवा कर्तव्यपूर्तीसाठी असते. ती येथे लागू पडत नाही. अनुच्छेद २९३ खाली राज्य जी हमी देते तिचा बोजा राज्याच्या एकत्रित निधीवर येऊ शकतो, म्हणून वित्त विभाग अशा कोणत्याही प्रस्तावाकडे बारकाईने पाहणार, हे गृहीत धरावे.

प्रस्तावाचा प्रवास साधारणपणे असा आखावा. संस्थेने तो विभागीय स्तरावर पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांकडे द्यावा, तेथून तो मुंबईच्या संचालनालयाकडे आणि मग मंत्रालयात पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभागाकडे जाईल. वित्त विभागाची सहमती आणि कराराच्या मसुद्यावर विधी व न्याय विभागाचे अभिप्राय आवश्यक ठरतील. इतक्या टेबलांवरून फिरणाऱ्या नस्तीला, म्हणजे फाइलीला, किमान एक वर्ष द्यावे, असे माझे मत आहे. उद्‍घाटनाची तारीख आधी जाहीर करून नंतर हमी मागणे म्हणजे नकाराला आमंत्रण देणे होय. प्रस्तावात वस्तूंची यादी, प्रत्येकीचे मूल्य, एका वेळी एका वाहनात असणारे कमाल मूल्य, दालनाचा सुविधा अहवाल (इमारत व तेथील सोयींची माहिती), पहाऱ्याची योजना आणि नुकसानीचा पहिला किती हिस्सा संस्था स्वतः सोसेल याचे वचन, एवढे असलेच पाहिजे. यातील शेवटची बाब आपणहून लिहावी. संस्था स्वतःचे पैसे पणाला लावायला तयार आहे, हे दिसले की वित्त विभागाच्या निम्म्या शंका मिटतात.

शासकीय विमा निधी आणि कंपनीची पॉलिसी

महाराष्ट्रात आणखी एक साधन उपलब्ध आहे आणि संग्रहालयांच्या वर्तुळात त्याचा विचार फार कमी होतो. राज्याच्या वित्त विभागाखाली विमा संचालनालय असून ते शासकीय विमा निधी चालवते आणि शासकीय व निमशासकीय संस्थांच्या, तसेच ज्यांत शासनाचा आर्थिक संबंध आहे अशा मालमत्तांचा सर्वसाधारण विमा उतरवते. महानगरपालिकेचे संग्रहालय, विद्यापीठाचे वस्तुसंग्रहालय किंवा जिल्हा परिषदेचे दालन यांनी आपला पहिला अर्ज येथेच करावा. कलावस्तूंसाठी त्यांच्याकडून कोणत्या शर्तींवर संरक्षण मिळेल, याचे लेखी उत्तर घ्यावे. उरलेली जोखीम न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया या सरकारी मालकीच्या कंपन्यांपैकी एकीकडे सोपवता येते. पूर्णतः खाजगी संस्थेने थेट या कंपन्यांकडेच जावे.

येथे एक धोका फार लोकांच्या लक्षात येत नाही. ‘आमच्या इमारतीचा आगीचा विमा आहे, त्यातच प्रदर्शन येईल’ असे महाविद्यालयाचे कार्यालय सांगते आणि आयोजक निश्चिंत होतात. आगीच्या विम्याची जी प्रचलित पॉलिसी असते, त्या स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स पॉलिसीची पारंपरिक कलमे काढून वाचावीत. दहा हजार रुपयांपेक्षा अधिक मूल्याच्या दुर्मीळ व कलात्मक वस्तू, हस्तलिखिते, आणि दुसऱ्याच्या वतीने विश्वासाने सांभाळलेला माल, या सर्व गोष्टी पॉलिसीत स्पष्टपणे नमूद केल्या नसतील तर वगळलेल्या असतात. उसनी आणलेली सातवाहनकालीन मृण्मूर्ती यांपैकी दोन अपवादांत एकाच वेळी बसते. चोरीच्या पॉलिसीचीही अशीच गोष्ट आहे. तिच्यात कुलूप तोडून, दार फोडून, म्हणजे बळाचा वापर करून झालेली चोरी अभिप्रेत असते. गर्दीत कोणी उघड्या काचपेटीतून एक नाणे उचलले तर दावा फेटाळला जातो.

म्हणून कलावस्तूंसाठीची ‘ऑल रिस्क्स’, म्हणजे स्पष्टपणे वगळलेल्या सोडून सर्व जोखमींची, पॉलिसी मागावी आणि तिच्यात पुढील गोष्टी शब्दांनिशी आहेत की नाहीत, हे तपासावे. संरक्षण नेल-टू-नेल, म्हणजे मालकाच्या भिंतीवरून किंवा पेटीतून वस्तू काढल्यापासून ती परत त्याच जागी ठेवेपर्यंत असावे. वाटेतील मुक्काम आणि बांधाबांधीही त्यात यावी. भरपाई आधी ठरलेल्या मान्य मूल्यावर मिळावी. अंशतः नुकसान झाल्यास दुरुस्तीच्या खर्चाबरोबर मूल्यातील घटही मिळावी. समजा, वीस लाख मान्य मूल्याच्या मूर्तीचा हात तुटला आणि जोडकामाला पन्नास हजार लागले. जोडल्यानंतरही तिचे मूल्य तीस टक्क्यांनी घटले असेल, तर मालकाचे खरे नुकसान साडेसहा लाखांचे आहे, पन्नास हजारांचे नव्हे. मूळ मालकाचे नाव भरपाई घेणारा म्हणून पॉलिसीत असावे आणि त्याच्या संमतीवाचून पॉलिसी रद्द होऊ नये. विमा कंपनीने भरपाई दिल्यावर ती रक्कम उसनवार घेणाऱ्या संस्थेकडून वसूल करण्याचा हक्क सोडलेला असावा. हे कलम नसेल तर कंपनी मालकाला पैसे देऊन तुमच्यावरच दावा लावू शकते.

भूकंपाचा उल्लेख मराठवाड्यात विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे, हा समज त्या एका पहाटेने मोडला. पूर्वापार फायर पॉलिसीत भूकंप जादा हप्ता भरूनच मिळत आला आहे, त्यामुळे तो आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे गृहीत न धरता वाचून पाहावे. दहशतवादी कृत्य, दंगल आणि गोदाकाठच्या गावांत पूर, यांचीही वेगवेगळी खात्री करावी. शासनाची हमी आणि पॉलिसी दोन्ही असतील तर हमीतील अपवाद व संस्थेने सोसायचा हिस्सा एका कागदावर मांडून नेमका तेवढाच भाग पॉलिसीत घ्यावा. असे केल्याने विम्याची रक्कम लहान होते आणि हप्ताही.

मूल्य ठरवणे

पुरावशेषांचे मूल्य ठरवणे हे या साऱ्या कामातील सर्वांत नाजूक काम आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक १९३८ मध्ये पॉम्पेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी करतात. भोकरदनच्या उत्खननातही हस्तिदंती काम मिळाले आहे. अशा वस्तूला बाजारभाव कोठून आणणार? भारतातून पुरावशेषांची खाजगी निर्यात कायद्याने बंद आहे, त्यामुळे परदेशी लिलावांतील आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि शासकीय संग्रहातील वस्तू विकली जात नाही. ‘अमूल्य’ असे लिहून सुटकाही होत नाही, कारण अमूल्य वस्तूचा विमा होत नसतो. संचालनालयाच्या संमतीने दोन-तीन जाणकारांची समिती नेमून दुर्मीळता, उत्खननातील नोंद, अवस्था आणि अभ्यासमूल्य या आधारावर रक्कम ठरवावी व ती का ठरवली, याचे अर्ध्या पानाचे टिपण जोडावे. हे टिपण कोणी वाचत नाही, पण दावा आला की नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्वेक्षक पहिला प्रश्न त्याविषयीच विचारतो. हप्ता वाचवण्यासाठी मूल्य कमी लिहिणे हा मालकाशी केलेला अन्याय आहे, आणि मानासाठी फुगवून लिहिणे हमीच्या प्रस्तावाला मारक ठरते.

स्थिती अहवाल

वस्तू जागची हलवण्यापूर्वी तिचा स्थिती अहवाल, म्हणजे कंडिशन रिपोर्ट, तयार झालाच पाहिजे. ‘स्थिती चांगली’ या दोन शब्दांचा अहवाल निरुपयोगी आहे. एखाद्या मृण्मूर्तीचा अहवाल लिहिताना परिग्रहण क्रमांक (संग्रहालयाच्या नोंदवहीतील वस्तूचा क्रमांक), उंची-रुंदी-वजन यांनंतर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून व तळातून छायाचित्रे मोजपट्टी ठेवून काढावीत. मग तिरप्या प्रकाशात बॅटरी धरून पृष्ठभाग पाहावा. डाव्या कानातील कुंडलाची कड खरचटलेली आहे, मानेभोवती केसासारखी तडा आहे, तळाशी क्षारांचा पांढरा थर आहे, मागे जुने जोडकाम आहे, अशा नोंदी छायाचित्रावरच खुणा करून लिहाव्यात. निघताना, दालनात पोहोचल्यावर, परत निघताना आणि घरी आल्यावर, अशा चार वेळा तोच नमुना भरून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. मानेची तडा आधीची की वाटेतली, हा वाद केवळ हा कागदच मिटवू शकतो.

याच ठिकाणी शिशाच्या नाण्यांविषयी सांगितले पाहिजे, कारण सातवाहनांची शिशाची नाणी आपल्या भागातील प्रदर्शनांत हमखास असतात. सुताराकडून घाईने नव्या प्लायवूडच्या काचपेट्या करून घेतल्या जातात. लाकडातून व त्यातील डिंकातून निघणारी आम्ले बंद पेटीत साचतात आणि काही आठवड्यांत नाण्यांवर पांढरी भुकटी धरते. ती म्हणजे नाण्याचे झिजणेच होय. अशी हळूहळू होणारी हानी कोणतीही पॉलिसी भरून देत नाही आणि शासकीय हमीही तिला ‘वस्तूतील दोष’ म्हणून वगळण्याची शक्यता असते. म्हणून शिशासाठी धातू व काच यांच्याच पेट्या वापराव्यात.

हस्तिदंताचे दुखणे वेगळे असते. तो हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो, त्यामुळे आर्द्रता झपाट्याने बदलली की थरांच्या रेषेने तडकतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडीठाक असते आणि जूनअखेर एकाएकी दमट होते. हा संधिकाळ प्रदर्शनासाठी टाळावा. दिवसा वातानुकूलन चालू आणि रात्री वीजबिलासाठी बंद, ही पद्धत वातानुकूलन अजिबात नसण्यापेक्षाही वाईट आहे. दालनात तापमान व सापेक्ष आर्द्रता नोंदवणारे उपकरण आधीचे तीन महिने तरी ठेवून त्याच्या नोंदी सुविधा अहवालाला जोडाव्यात. जुनी हिमरू, पैठणी, सचित्र हस्तलिखिते यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) अधिक प्रकाश पडू देऊ नये. पहाऱ्याबाबत एवढेच, की पेटीच्या किल्ल्या दोघांकडे विभागून असाव्यात आणि रात्रीच्या पहारेकऱ्याची नोंदवही खरोखर भरली जावी.

वाहतूक आणि अपघात

तेरहून वस्तू छत्रपती संभाजीनगरला न्यायच्या असतील तर येडशी, बीड, गेवराई असा राष्ट्रीय महामार्ग ५२ घ्यावा लागतो. वाहन बंद व हवेच्या स्प्रिंगचे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास निदान खोकी गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या भागात बांधावीत, मागच्या टोकाला नव्हे. सोबत संग्रहालयाचा एक माणूस असावा आणि वाटेत जेवणासाठी थांबल्यास चालक व तो दोघेही एकाच वेळी गाडी सोडून जाणार नाहीत, ही अट लेखी असावी. मराठवाड्याच्या प्रवासात दिवसाउजेडी पोहोचता येईल अशीच वेळ ठरवावी.

नुकसान झाल्यास वस्तू हलवू नये, पुसू नये, जोडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. आहे त्या अवस्थेत छायाचित्रे काढून मालकाला, हमी देणाऱ्या विभागाला आणि विमाकर्त्याला त्याच दिवशी लेखी कळवावे. चोरी असेल तर पोलिसांत प्रथम खबर नोंदवून पंचनाम्याची प्रत घ्यावी. पंचनाम्यात परिग्रहण क्रमांक आणि वस्तूचे वर्णन स्थिती अहवालातल्याप्रमाणे आले आहे, हे सही होण्यापूर्वीच पाहावे. पडलेले बारीकसारीक तुकडे, धूळसुद्धा, वेगळ्या पाकिटांत जागेच्या नोंदीसह ठेवावी. सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत दालनाचा तो भाग बंद ठेवला तर प्रेक्षक नाराज होतील, पण त्यास इलाज नाही.

प्रदर्शन संपल्यावर वस्तू मालकाच्या साठवणखोलीत पोहोचल्या तरी खोकी लगेच उघडू नयेत; खोलीच्या हवेशी जुळवून घेण्यासाठी ती चोवीस तास तशीच ठेवावीत, मग चौथा स्थिती अहवाल भरून दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्याच्या प्रती हमी देणाऱ्या विभागाला आणि विमाकर्त्याला पाठवून हमी संपुष्टात आल्याचे पत्र मागून घ्यावे. राज्याने दिलेल्या हमींचा हिशेब शासनाला विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आपली नस्ती दाव्यावाचून आणि वेळेत बंद झाली, याची ही लेखी नोंद पुढच्या प्रस्तावाला जोडण्याचा सर्वांत वजनदार कागद ठरते.